अपील जिंकलं, पण कोणत्या मुद्द्यावर?

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. इंग्लंडमध्ये क्राउन कोर्टात ज्युरीने दोषी ठरवलं, तर प्रकरण कोर्ट ऑफ अपीलकडे जाऊ शकतं. पण तिथे ज्युरी नसते आणि साक्षीदारही सहसा पुन्हा येत नाहीत. क्रिकेटमधल्या डीआरएससारखं समजा: चेंडू पुन्हा टाकत नाहीत, आधीचा निर्णय टिकतो का एवढंच बघतात. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा चुकीचा समजावला का? महत्त्वाचा पुरावा राहून गेला का?

घरातल्या हिंसेच्या प्रकरणांत गाडी इथेच अडते. चार भिंतींत वर्षानुवर्षं जे घडलं, ते पहिल्या खटल्यात नीट आलंच नसेल, तर नंतर ते कोर्टापुढे आणणं फार अवघड जातं.

किरणजीत अहलुवालियाचं नाव तुम्ही ‘प्रोव्होक्ड’ या सिनेमामुळे ऐकलं असेल. १९७९ मध्ये लग्नानंतर ती इंग्लंडला आली. पुढची दहा वर्षं मारहाण, धमक्या. तिने दोनदा कोर्टाकडून नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूमही मिळवला होता. मे १९८९ मध्ये एका रात्री, नवरा झोपलेला असताना, तिने पेट्रोल टाकून आग लावली. काही दिवसांनी तो वारला. खटल्यात तिने स्वतः साक्ष दिली नाही. डिसेंबरमध्ये ज्युरीने तिला खुनासाठी दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिच्यासाठी मोहीम उभारली आणि १९९२ मध्ये अपील सुनावणीला आलं. वकिलांचा एक मोठा मुद्दा ‘प्रोव्होकेशन’चा, म्हणजे प्रक्षोभाचा होता. १९४९ च्या डफी खटल्यापासून नियम असा होता, की स्वतःवरचा ताबा ‘अचानक आणि तात्पुरता’ सुटलेला हवा. दारूच्या गुत्त्यावर भांडण होऊन लगेच हात उचलणाऱ्या माणसाला हा नियम बसतो. पण दहा वर्षं मार खाणारी, अंगात ताकद कमी असलेली बाई समोरासमोर उलटून मारेल कशी?

या मुद्द्यावर ती जिंकली, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात कोर्टाने ‘अचानक’ ही अट काढायला नकार दिला. मध्ये वेळ गेला म्हणून बचाव आपोआप बाद होत नाही, एवढंच मान्य केलं. अपील मंजूर झालं ते दुसऱ्याच कारणाने: तिला गंभीर नैराश्य असल्याचा वैद्यकीय पुरावा होता आणि पहिल्या खटल्यात त्याचा पाठपुरावा झालाच नव्हता. फेरखटल्याचा आदेश निघाला. सप्टेंबरमध्ये खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची तिची कबुली स्वीकारली गेली. शिक्षा तीन वर्षं चार महिने, म्हणजे तुरुंगात काढून झाली होती तेवढीच. ती सुटली.

पुढे कायदा बदलला. २०१० पासून प्रोव्होकेशनच्या जागी ‘लॉस ऑफ कंट्रोल’ आलं, त्यात ‘अचानक’ची अट नाही. २०१५ पासून जोडीदारावर सतत धाक आणि नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तरी २०१९ मध्ये सॅली चॅलनच्या अपिलात कोर्टाने स्पष्ट केलं, की असं नियंत्रण सोसलं हा खुनाच्या आरोपावर आपोआप बचाव होत नाही. तिचीही शिक्षा रद्द झाली ती मानसोपचारतज्ज्ञाच्या नव्या पुराव्यामुळे.

दोन्ही प्रकरणांत बाईला वर्षानुवर्षं काय सोसावं लागलं, याला कायद्याने थेट उत्तर दिलं नाही. दार उघडलं ते ‘तिची मनःस्थिती काय होती’ या बाजूने. हे अनेकांना खटकतं, मलाही. पण कोर्टाची वाट आज अशी आहे.

म्हणून तुमच्या ओळखीत कोणी हे सोसत असेल, तर ‘घरातलं घरात’ हा सल्ला देऊ नका. जीपीला सांगितलेली एक ओळ, पोलिसांकडची एक तक्रार, मैत्रिणीला पाठवलेला एक मेसेज, ही नोंद असते. मोबाईलवरून ९९९ लावल्यावर बोलता येत नसेल, तर विचारल्यावर ५५ दाबता येतं. मदत आजच मिळावी, हा त्याचा पहिला उपयोग. आणि प्रकरण कधी कोर्टात गेलंच, तर ही नोंद पहिल्याच खटल्यात ज्युरीसमोर ठेवता येते.