धानाच्या बांधीतील रंगभूमी

दिवाळीचा फराळ संपत आला की पवनी तालुक्यातील आसगाव आणि भोवतालच्या चौरास पट्ट्यात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक धानाचा आणि दुसरा मंडई-नाटकांचा. बाजारपेठेत बसणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांना पहिल्या हंगामाची खबर अचूक असते. धानाला काय भाव मिळाला, मागील उधारी कितपत वसूल होईल, याचे आडाखे आपण दुकानाच्या गादीवर बसूनच बांधतो. दुसऱ्या हंगामाची आठवण मात्र मंडळाची मुले वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन पायरी चढतात तेव्हाच होते. वर्गणी दिली की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत आहे. त्या समजुतीविषयीच आज थोडे लिहावयाचे आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतील वनप्रदेश व धानशेतीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भाऊबीजेपासून येथे गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे येतात, सोयरिकींची बोलणी होतात, दंडार रंगते आणि रात्री नाटक होते. पुढे शंकरपट भरला की दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, अशी जोडी ठरलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 मधील निकालाने शर्यती बंद झाल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. मधल्या बंदीच्या वर्षांतही नाटकांचे हंगाम होत राहिले. नाटक हे केवळ शर्यतीचे शेपूट नाही, हे त्या काळाने दाखवून दिले.

या रंगभूमीचा व्यवहार व्यापाऱ्याने अभ्यासावा असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, ही तिची पेठ. हंगाम जवळ आला की तेथे नाट्यसंस्थांच्या कचेऱ्यांवर फलक झळकतात. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक निवडते, तारीख व रक्कम ठरविते आणि इसार देते. त्यानंतर गावाबाहेरच्या मोकळ्या बांधीत रंगमंच उभा राहतो आणि तिकिटे विकली जातात. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. नफा उरला तर तो बहुधा गावाच्याच एखाद्या कामी लागतो, तोटा आला तर मंडळाचे सभासद तो सोसतात. शेतकरी, मजूर, शिक्षक अशी माणसे रात्री राजा किंवा खलनायक होतात. याच मातीतील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पाया घातला तो राजाश्रयाने. झाडीपट्टीचे नाटक मात्र तिकीट काढणाऱ्या शेतकऱ्याच्या आश्रयाने उभे आहे.

हे मला फार उशिरा उमगले. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी याच भागातील एका बँक शाखेत अधिकारी होतो. एका नाट्यमंडळाचे चालक पडदे व दिव्यांच्या साहित्यासाठी कर्ज मागावयास आले. त्यांच्या नावावर ना शेत होते ना घर. तारण म्हणून त्यांनी एक वही पुढे केली. कोणत्या गावी कोणत्या रात्री प्रयोग, किती रक्कम ठरली, किती इसार मिळाला, असे सारे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. मी नियमावर बोट ठेवले आणि अर्ज परत केला. पुढे कळले की बाजारातील एका धान-व्यापाऱ्याने त्याच वहीच्या भरवशावर त्यांना रक्कम दिली आणि होळीपूर्वी ती पै न् पै परत आली. एम.कॉम.च्या पुस्तकांतून पत म्हणजे काय हे मी शिकलो होतो. पत ओळखावी कशी, हे त्या कमी शिकलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक होते. त्या वर्षी संकोचाने का होईना, मी प्रथमच तिकीट काढून पहाटेपर्यंत बसलो.

त्या रात्री मला दुसरीही एक गोष्ट जाणवली. गंभीर प्रवेशांत पात्रे प्रमाण मराठी बोलत होती, पण विनोदी पात्राने झाडीबोलीत तोंड उघडताच सारी बांधी हसली. ती बोली मी दिवसभर काउंटरवर ऐकत होतो. 'पाणी' तेथे 'पानी' होते आणि 'डोळा' 'डोरा' होतो. आपल्या दुकानांतही सकाळपासून रात्रीपर्यंत हीच बोली कानांवर पडते. तिच्यातच आपला सौदा ठरतो, तिच्यातच उधारीची विनवणी होते. तरीही आपल्या मुलांनी ती उच्चारली की आपण त्यांना टोकतो. जिच्यावर घर चालते ती भाषा 'गावंढळ' म्हणणे हा कृतघ्नपणा नव्हे काय?

साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या व दंडारीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली. झाडीबोली साहित्य मंडळाची संमेलने खेड्यापाड्यांत भरतात आणि तेथे नव्या कवींना मंच मिळतो. येथील साहित्याची परंपरा जुनीच आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके 1110 मधील, आणि तो वैनगंगेकाठच्या अंभोऱ्यास रचला गेला असे विदर्भातील अनेक अभ्यासक मानतात. काही जण तो मान अंबाजोगाईला देतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मान मुंबई-पुण्याइतकाच आसगावच्या बांधीचाही आहे.

आज नाटकापुढे मोबाइलचे आव्हान आहे. प्रेक्षक टिकावा म्हणून कथानकात नाचगाण्यांची खोगीरभरती होते, अशी जाणत्यांची तक्रार आहे. तिच्यावर उपाय एकच, जाणता प्रेक्षक वाढणे. वर्गणीने मंडप उभा राहतो, पण नाटकाचा दर्जा समोर बसलेल्या माणसांमुळे राखला जातो.

म्हणून एक विनंती. यंदा मंडळाची मुले दुकानी आली तर पावती फाडून त्यांची बोळवण करू नका. घरातील माणसांइतकी तिकिटे घ्या, नाटक कोणते आणि लेखक कोण, हे आवर्जून विचारा. त्या दिवशी दुकान तासभर आधी बंद करा आणि मुला-नातवंडांना सोबत न्या. रोज ज्यांना आपण धान्य-कापड विकतो, त्यांच्याशेजारी एक रात्र बसून हसावे, डोळे पुसावे. या खर्चाची नोंद कोणत्या खात्यावर करावी, असे कोणी विचारले तर चाळीस वर्षे खातेवह्या तपासलेला मी एवढेच सांगेन, की ती जुन्या ऋणाच्या परतफेडीत करावी.