सणांच्या आधाराने संगीताचे पाठ

ज्या शाळेत पेटी-तबला नाही तेथे संगीताचा तास बहुधा रिकामा जातो. वस्तुतः खेड्यातील मूल शाळेत येते ते गाण्यांचा साठा घेऊनच. आणि हा साठा त्याला सणांनी दिलेला असतो. पाठाची उभारणी त्यावरच करावी.

प्रथम वेळेचा विचार करू. ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व त्यांची कित्येक मुले त्यांच्याबरोबर जातात. सबब तालाचे मुख्य पाठ श्रावण ते आश्विन या अवधीतच पूर्ण करावेत. नागपंचमीची फेराची गाणी, गणेशोत्सवातील आरत्या आणि बंजारा तांड्यावर टोपल्यांत गहू रुजवून साजऱ्या होणाऱ्या तीजेची गाणी या काळात मुलांच्या ओठांवर असतातच. पुढे शाळा सुटली तरी शिकलेला ताल मुलाबरोबर जातो.

पाठाचा क्रम सोपा आहे. गाणे मुलांनीच म्हणावे. चालीवर पावले टाकीत ते सहा मात्रांत बसते की आठ, याचा शोध त्यांनी घ्यावा. सहा मात्रांचा दादरा असेल तर पहिल्या मात्रेवर टाळी व चौथीवर खाली. आठ मात्रांचा केरवा असेल तर पहिलीवर टाळी व पाचवीवर खाली. खाली म्हणजे टाळी न देता हात बाजूस नेणे. हे साधल्यावर अर्ध्या वर्गाने गावे, अर्ध्याने ताल धरावा. मग अदलाबदल करावी.

साधनांसाठी खर्च नको. करवंट्या, टिपऱ्या आणि चिंचोके भरलेला डबा पुरे. टाळ-चिपळ्या गावातील भजनी मंडळाकडून मागून आणाव्यात.

फाल्गुनात होळीला तांड्यावर लेंगी गातात आणि पुढे वद्य षष्ठीस पैठणला नाथषष्ठी भरते. एकनाथमहाराजांच्या (१५३३–१५९९) भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी बोलतात. त्यामुळे एकाने सोंग घ्यावे व वर्गाने पालुपद धरावे, ही योजना आयतीच मिळते. लेंगी शिकविण्याचे काम तांड्यावरील मुलाकडे द्यावे. शाळेची भाषा परकी वाटल्याने जे मूल एरवी गप्प बसते, ते त्या दिवशी वर्गाचे गुरुजी होते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलांचा आवाज मोठ्यांहून उंच असतो. गुरुजींच्या खालच्या पट्टीत गाण्याची सक्ती करू नये व ओरडूनही गाऊ देऊ नये. दुसरे असे की, वर्गात नाना घरची मुले असतात. भक्तिगीत म्हणण्याचा आग्रह कोणास धरू नये. ताल धरण्यात मात्र सर्वांस स्थान द्यावे. ईदला वा नाताळाला घरी गाणे होत असेल तर त्यासही तोच मान मिळावा.

प्रत्येक शाळेने गाण्यांची एक वही ठेवावी. गाणे, सण, गाणाऱ्या आजीचे नाव व मात्रा एवढे टिपावे. ज्या आजीबाईंना ही गाणी येतात त्या आज गावात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.