जैव अधिशोषण

जैव अधिशोषण म्हणजे पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे जड धातू मृत वनस्पतिजन्य पदार्थांच्या पृष्ठभागावर धरून ठेवण्याची प्रक्रिया होय. उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, भाताचा तूस, झाडांच्या साली असे टाकाऊ पदार्थ त्यासाठी वापरता येतात.

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात असा कच्चा माल विपुल आहे. ऊस व कापूस ही येथील प्रमुख पिके असून बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गर काढल्यावर त्याची साल व बिया उरतात. मात्र ‘टाकाऊ’ हा शब्द जपून वापरावा लागतो. साखर कारखान्यांतील चिपाडे बहुधा बॉयलरमध्ये जळतात आणि पऱ्हाट्या चुलीत जातात.

== कार्यतत्त्व ==
वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज, लिग्निन व टॅनिन या घटकांवर कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट असतात. शिशाचा धनभारित आयन त्यांना जोडला जातो व त्याच्या बदल्यात हायड्रोजन किंवा कॅल्शियमचा आयन पाण्यात उतरतो. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असते. कातडे कमावण्यासाठी ती पूर्वापार वापरली जाते ती याच द्रव्यामुळे.

पाण्याची आम्लता येथे निर्णायक ठरते. अतिआम्ल पाण्यात हायड्रोजन आयनच जागा अडवतात, त्यामुळे शिसे व कॅडमियम साधारणतः ४ ते ६ सामूला चांगले धरले जातात. षट्संयुजी क्रोमियमचे याउलट आहे. ते ऋणभारित रूपात असल्याने २ च्या आसपासच्या सामूला, पृष्ठभाग धनभारित झाल्यावर, अधिक चिकटते. म्हणून एकच साल एकाच वेळी सर्व धातूंवर सारखी चालत नाही. फ्लोराइड व नायट्रेट तर जड धातूच नव्हेत. धातूंसाठी तयार केलेल्या सालीने विहिरीतील त्यांचे प्रमाण कमी होईल असे गृहीत धरता येत नाही.

== मर्यादा ==
भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प प्रमाणात धातू डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही आणि पाणी उकळल्याने जात नाही. त्यामुळे घरच्या घरी माठात साल टाकणे हा उपाय नव्हे. पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय धातू निघाला की नाही हे ठरत नाही. शिवाय न धुतलेल्या सालीतून रंग व सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी ही पद्धत अधिक व्यवहार्य आहे, कारण तेथे सामू राखता येतो आणि भुकटी नळकांड्यात भरून पाणी तीमधून सोडता येते.

अधिशोषणात धातू नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. सौम्य आम्लाने धुतल्यास भुकटी काही वेळा पुन्हा वापरता येते, परंतु धातू त्या आम्लात एकवटतो व त्याचीही विल्हेवाट लावावी लागते. निकामी झालेली भुकटी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकता येत नाही. ती जाळल्यास धातूचा काही भाग धुरावाटे हवेत जातो व उरलेला राखेत राहतो. खतात मिसळल्यास तो शेतात जातो. अशा भुकटीची विल्हेवाट घातक कचरा म्हणूनच लावावी लागते.