नेट चालू, पण साइट उघडेना

तिरोडा असो की आमगाव, घरच्या ब्रॉडबँडबद्दल एक तक्रार नेहमीची: राउटरचे दिवे हिरवे, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, पण संकेतस्थळं उघडत नाहीत. ‘नेट स्लो झालं’ असं समजून लोक मोठा प्लॅन घेतात. बिघाड मात्र बहुधा डीएनएसमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) असतो. ही यंत्रणा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली.

हे रेल्वेच्या उदाहरणाने पाहू. गोंदिया जंक्शनवरून नागपूर, दुर्ग, बालाघाट, बल्लारशाह अशा चार दिशांना गाड्या सुटतात. गाडी उभी आहे, रूळही मोकळे आहेत. पण चौकशी खिडकी बंद आणि फलाट माहीत नाही, तर प्रवासी खोळंबतोच. डीएनएस म्हणजे ही चौकशी खिडकी. मोठ्या प्लॅनने रूळ वाढतात, खिडकी उघडत नाही.

खात्री करणं सोपं आहे. संगणकावर ‘पिंग’ आज्ञेने आधी १.१.१.१ हा पत्ता तपासा, मग एखाद्या संकेतस्थळाचं नाव. अंकांना उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही, तर दोष डीएनएसचा. एकच साइट अडत असेल, तर आधी तिच्यावरच संशय घ्यावा.

सेवा पुरवणाऱ्याचा डीएनएस वापरलाच पाहिजे असं नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घालता येतो. दोन्ही मोफत आहेत. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ रकान्यात मात्र अंक चालत नाहीत, तिथे ‘डीएनएस डॉट गूगल’ हे नाव इंग्रजीत लिहावं लागतं. अंकांनाही उत्तर येत नसेल, तर लाइनमनला बोलवा.