नोकरी गेली म्हणून स्वतःचंच सुतक

आज मरणाबद्दल बोलायचंय. घाबरू नका, विषय ऑफिसचाच आहे.

तुरानियस नावाचा एक रोमन अधिकारी होता, नव्वदी ओलांडलेला. सम्राट कॅलिगुलानं त्याला कामातून मोकळं केलं. तर हा गृहस्थ घरी पलंगावर आडवा झाला आणि घरच्यांना म्हणाला, मी मेलोय असं समजून रडा! घरभर रडारड. ती थांबली कधी, तर जुनं काम परत मिळालं तेव्हा.

हा किस्सा सेनेका या स्टोइक विचारवंतानं आयुष्य किती अपुरं वाटतं यावरच्या निबंधात सांगितलाय. निबंध आहे पॉलिनसला उद्देशून. पॉलिनसकडे अख्ख्या रोमच्या धान्यपुरवठ्याचं खातं होतं, म्हणजे इथे गडबड झाली की शहर उपाशी. अशा माणसाला सेनेका सांगतो, पुरे झालं, आता उरलेला वेळ स्वतःला दे.

हल्ली रील्समध्ये 'मरण आठवा' याचा अर्थ होतो पहाटे चारला उठा आणि अजून पळा. सेनेकाचं म्हणणं जवळजवळ उलटं आहे. आयुष्य पुरेसं असतं, आपणच ते येईल त्याला वाटत सुटतो. कुणी पैसे मागितले तर आपण दहादा विचार करतो, पण रविवारी रात्री मेसेज आला की लगेच 'हो सर'. खात्यातला पैसा कमी होताना दिसतो, वेळ दिसत नाही ना! मरण आठवायचं ते एवढ्यासाठी.

मग महत्त्वाकांक्षा सोडायची का? तसं नाही. मार्कस ऑरेलियस इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट होता, त्यातली बरीच वर्षं डॅन्यूबकाठच्या युद्धात गेली. तरी खासगी टिपणांत तो पुन्हा पुन्हा मरणाकडे येतो. आपलं नाव लक्षात ठेवणारेही मरणारच, असं स्वतःला बजावतो, आणि हातातलं काम मात्र नीट करत राहतो. प्रमोशनसाठी झुरताना मला हे फार उपयोगी पडतं: कुणालाच कळणार नसेल, तरी हे काम मी करेन का?

आता सेनेकाचं स्वतःचं काय? पन्नाशीनंतर निवांत जगू म्हणणाऱ्यांची त्यानं त्याच निबंधात टर उडवलीय. पण नीरोचा सल्लागार म्हणून तो स्वतः गडगंज झाला. इ.स. 62 मध्ये साठी उलटल्यावर त्यानं संपत्ती परत घे, मला जाऊ दे, अशी विनंती केली. नीरोनं नकार दिला. 65 मध्ये कटाच्या संशयावरून त्याला जीव द्यायचा हुकूम आला.