एका ओळीत वणवा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वाचकांना वणवा म्हणजे काय हे सांगायला नको. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग, ऐन यांची पाने गळतात आणि जमिनीवर पालापाचोळ्याचा थर साठतो. मोहफुले पडू लागली की ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही कुठे कुठे आग लावतात. ही आग कधी चार हात जागा जाळून विझते, तर कधी डोंगरच्या डोंगर पार करून जाते. मोठी झाडे बहुधा वाचतात. पण रोपे, बिया, जमिनीवरची घरटी यांची मात्र राख होते.

काडी तीच, जंगलही तेच. मग परिणामात एवढा फरक का? या प्रश्नाचा एक छोटा खेळ संगणकावर मांडता येतो. ब्राउझरमध्ये चालणारे असे प्रात्यक्षिक वेब ॲप तयार करायचे, तर त्यातील मुख्य गणित एका ओळीत मावते! त्यासाठी भाषा मात्र योग्य निवडायला हवी.

जंगलाची सारणी

चौकटींच्या वहीचे एक पान घ्या. ज्या घरात वाळलेला पाला आहे तिथे १ लिहा, जमीन उघडी असेल तिथे ० लिहा. ही झाली ‘पाला’ नावाची सारणी. तेवढ्याच आकाराची ‘आग’ ही दुसरी सारणी घ्या. जे घर पेटले आहे तिथे १, बाकी सर्वत्र ०. नियम एकच : पेटलेल्या घराच्या वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पाला असेल, तर पुढच्या खेपेला तोही पेटतो.

नेहमीच्या संगणक-भाषेत आपण एकेका घरापाशी जातो, त्याचे चार शेजारी तपासतो आणि मग पुढच्या घराकडे वळतो. सारणी-भाषेत असे हिंडावे लागत नाही. तिथे सबंध सारणी ही एकच राशी मानतात. दोन संख्यांची बेरीज जितकी सहज, तितकीच दहा हजार घरांच्या दोन सारण्यांची.

ही कल्पना कॅनडात जन्मलेले गणितज्ञ केनेथ आयव्हर्सन यांची. हार्वर्ड विद्यापीठात शिकवताना त्यांनी विचार नेमका मांडण्यासाठी एक चिन्हलिपी बनवली. १९६२ साली ती ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या नावातील आद्याक्षरांवरून भाषेचे नाव पडले एपीएल. म्हणजे आधी ती फळ्यावरची लिपी होती, संगणकावर नंतर आली. १९७९ साली आयव्हर्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि रॉजर हुई यांनी १९९० मध्ये ‘जे’ ही भाषा तयार केली. मार्शल लॉचबाउम यांची २०२० मधील ‘बीक्यूएन’ ही याच घराण्यातील. या दोन्ही भाषा आज ब्राउझरमध्येच चालवता येतात.

या भाषांची एक गंमत सांगतो. त्यांत गुणाकार आधी, बेरीज नंतर असा नियम नाही. सगळे उजवीकडून डावीकडे सोडवायचे. त्यामुळे ३ × ४ + ५ चे उत्तर १७ नव्हे, २७ येते!

आग सरकते कशी?

आता एकच रांग घेऊ आणि डावीकडचे पहिले घर पेटवू.

पाला : १ १ ० १ १ १
आग : १ ० ० ० ० ०

आगीची अख्खी रांग एक घर उजवीकडे सरकवा : ० १ ० ० ० ०. डावीकडेही सरकवा. मूळ आग ‘किंवा’ सरकवलेली आग असे एकत्र केले की मिळते १ १ ० ० ० ०. ज्या घरात पाला नाही तिथे आग टिकणार नाही, म्हणून याची पाल्याशी ‘आणि’ या क्रियेने जोड घाला. उत्तर १ १ ० ० ० ० हेच राहते. आणखी एकदा करून पाहा. सरकवल्यावर तिसरे घर पेटल्यासारखे दिसते. पण तिथे पाला ० आहे, म्हणून ते गळून पडते. आग थांबली! हे मधले ० म्हणजेच वनखाते उन्हाळ्यापूर्वी आखते ती जाळरेषा.

पूर्ण जाळीसाठी ओळ अशी होते :

नवी आग = पाला आणि (आग किंवा वर किंवा खाली किंवा डावी किंवा उजवी)

येथे ‘वर’ म्हणजे वर सरकवलेली आग, याप्रमाणे समजावे. आग बदलायची थांबेपर्यंत हीच क्रिया पुन्हा करा, असे सांगणारे चिन्हही ‘जे’ भाषेत आहे. एक काळजी मात्र घ्यावी. सारणी ‘सरकवणे’ वेगळे आणि ‘फिरवणे’ वेगळे. फिरवली, तर उजव्या कडेने बाहेर गेलेली आग डाव्या कडेने पुन्हा आत शिरते. सरकवताना रिकाम्या झालेल्या कडेला शून्ये भरतात.

वेब ॲपचे बाकी काम थोडेच. पाल्याचे प्रमाण ठरवणारी एक सरकपट्टी, ‘पेटवा’ असे लिहिलेले एक बटण आणि ० व १ यांना रंग देऊन काढलेले चित्र. हा भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहावा आणि गणित सारणी-भाषेकडे सोपवावे.

५९ टक्क्यांचा उंबरठा

आता सरकपट्टी हलवा. जाळीत पाला वाटेल तसा विखरून टाका आणि सगळी डावी कड पेटवा. पाला ५० टक्के घरांत असेल, तर आग बहुधा कडेपासून थोडे आत जाऊन विझते. ७० टक्के असेल, तर ती थेट उजव्या कडेला पोचते. हा बदल हळूहळू होत नाही. मोठ्या जाळीत सुमारे ५९.३ टक्क्यांच्या आसपास तो अचानक होतो. पाण्याचा बर्फ ठरावीक तापमानालाच होतो, तसाच हा उंबरठा. ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या दोघांनी १९५७ साली या विषयाचा गणिती पाया घातला. भौतिकीत याला ‘परकोलेशन’ म्हणतात.

पण ५९.३ हा आकडा आपल्या जाळीचा आहे, झाडीपट्टीतल्या जंगलाचा नव्हे. खऱ्या जंगलात वारा असतो, उतार असतो, ठिणग्या उडून पलीकडे पडतात. यातून घ्यायचे ते एवढेच : वणवा रोखायला सगळा पाला हलवावा लागत नाही, पाल्याची सलगता तोडावी लागते. मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून घेतला, किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि आगीला पहिले घरच मिळत नाही.

उपग्रहही जंगल असेच घराघरांनी पाहतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था ज्या व्हीर्स उपकरणाच्या मदतीने आगीच्या सूचना पाठवते, त्याचे एक घर ३७५ मीटर बाजूचे असते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. कि. मी. आहे. भागाकार करून पाहा; सुमारे १ लाख घरे येतात. एक लाख घरांसाठीही आपली ओळ तीच राहते, एक अक्षरही वाढत नाही.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी अडत नाही. फळ्यावर २० × २० ची जाळी आखा. प्रत्येक घरासाठी फासा टाका. १, २ किंवा ३ पडले तर पाला, म्हणजे ५० टक्के. वर्गात ४० जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १० घरे येतील. डावी कड लाल खडूने पेटवा आणि आग कुठवर जाते ते पाहा. मग ४ पडल्यावरही पाला धरा, म्हणजे ६७ टक्के, आणि पुन्हा पेटवा. शेवटी या दुसऱ्या जाळीत कमीत कमी किती घरे पुसली म्हणजे आग उजव्या कडेला पोचणार नाही, ते शोधा. ती घरे जिथे असतील, तिथे तुमची जाळरेषा!