सदुसष्ट की त्र्याहत्तर

दुपारी १२:३०
शनिवारची सकाळची शाळा आटोपून सर अमरावतीत घरी येतात. जेवणाआधी दुर्बीण अंगणात निघते. आरसा आठ इंची, प्लायवूडची बैठक सुताराकडून करून घेतलेली. आरशामागचे तीन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आरसा सरळ करायचा. अर्धा तास त्यातच जातो.

३:००
सगळं मिळून वीस किलोच्या वर. मित्राची व्हॅन, डिझेल आठशेचं. परतवाड्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला.

५:३०
मेळघाटाच्या पायथ्याचं गाव. पोरं सामान उतरवतात. आरसा थंड व्हायला तास लागतो.

७:१५
उत्तरेला वृषपर्वा. त्यातला डेल्टा तारा पाच दिवस नऊ तासांत मंद होऊन पुन्हा उजळतो. सर शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉनशी त्याचा उजेड ताडून वहीत टिपतात. १९२३ साली सापडलेल्या याच जातीच्या ताऱ्यावरून हबलनं देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर ठरवली.

८:३०
देवयानी माथ्यावर. तिथं नळी वळता वळत नाही, सर गुडघ्यावर बसून ढकलतात.
"धुईच दिसते, सर."
ती धुई २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी तिच्यातल्या वायूच्या ढगांचे वेग मोजले. कडेला वेग उतरायला हवा होता, उतरला नाही. तेवढं धरून ठेवायला दिसणारे तारे पुरत नाहीत. न दिसणारं ते कृष्णद्रव्य.

९:१५
काचेवर दव. रांग थांबते. व्हॅनच्या बॅटरीवर ड्रायर चालतो, तोवर सर विश्वाच्या प्रसरणाचं सांगतात. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला किती किलोमीटर? डेल्टासारख्या ताऱ्यांवरून मोजलं तर ७३. प्लँक उपग्रहानं टिपलेल्या आद्य प्रकाशावरून काढलं तर ६७.

वेचणीहून आलेली एक बाई पुढं होते. "आमाले किलोमागं दहा रुपये भेटते. काट्यात दोन किलोचा फरक आला तं भांडन होते. इथं कोन्ता काटा खोटा?"
"दोन्ही कितीदा तपासले, मावशी. खोट सापडत नाई."
"मंग तिसरा आना."
सर खुलतात. तिसरा काटा गुरुत्वीय लहरींचा. २०१७च्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून ७० आला, पण त्यात वरखाली बरंच. आणखी टकरी टिपाव्या लागतील. त्यासाठीच हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा व्हायच्या आहेत.
"हिंगोलीले? तिथं तं माह्या बहिनीले देल्ली."

१०:४०
आरशावर झाकण, बैठक व्हॅनमध्ये. शाळेनं हजार रुपये दिले. डिझेल वजा जाता दोनशे. सकाळी सातच्या आत व्हॅन परत द्यायची आहे.